स्माउगने शिकवलेलं 'कार्टेज': इंग्रजी शब्दांसाठी 'द हॉबिट' घ्यावं का?

थॉरिन ओकनशील्ड बुटक्यांच्या राजघराण्यातला असला, तरी पत्र मात्र मुरलेल्या हेडक्लार्कसारखं लिहितो. ड्रॅगनने बळकावलेलं सोनं परत मिळवायला निघालेल्या या बुटक्यांनी बिल्बो बॅगिन्स नावाच्या एका घरबशा हॉबिटला (हॉबिट ही गोष्टीतली ठेंगणी जमात) चोर म्हणून सोबत घ्यायचं ठरवलंय. 'द हॉबिट'च्या दुसऱ्या प्रकरणात त्याला घड्याळाखाली ठेवलेली थॉरिनची चिठ्ठी सापडते. अटी अशा: पैसे रोख, माल हाती आल्यावर. एकूण नफ्याच्या, झालाच तर, फार तर चौदावा हिस्सा. प्रवासखर्च काहीही झालं तरी आमचा. आणि अंत्यविधीचा खर्च, तशी वेळ आली व त्याची परस्पर सोय झालेली नसेल तर, आम्ही किंवा आमचे प्रतिनिधी करू. 'परस्पर सोय' म्हणजे काय, तर ड्रॅगनने खाऊन टाकलं तर पुरायला मागे काही उरणारच नाही! या एका चिठ्ठीत 'कॅश ऑन डिलिव्हरी' आहे, 'नॉट एक्सीडिंग' आहे, 'इफ एनी' आहे, 'डिफ्रे' (खर्च उचलणं) आहे, 'रिक्विझिट' (आवश्यक) आहे. पुस्तक जे. आर. आर. टॉल्किनचं, 1937 सालचं, आणि लिहिलंय लहान मुलांसाठी.

मी कोल्हापुरात एका कर सल्लागाराकडे हिशेबाचं काम करतो. शाळा सगळी मराठी माध्यमाची. इंग्रजी येतं ते कामापुरतं. नोटिशीला उत्तर लिहिता येतं, पण कादंबरी हातात घेतली की चौथ्या पानावर डुलकी. 'एक्स्पेन्सेस डिफ्रेड बाय द ट्रस्ट' हे शब्द तर मी झोपेतही टाइप करीन. पण तो शब्द एखाद्याच्या मयताच्या खर्चाबद्दल, त्याच्याच तोंडावर, इतक्या अदबीने वापरता येतो हे टॉल्किनने दाखवलं, आणि मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत एकटाच हसत बसलो.

हे परीक्षण गोष्टीचं नाही. गोष्ट चांगली आहे हे सांगायला माझी गरज नाही. इंग्रजी शब्द वाढावेत म्हणून पदरचे पैसे घालून हे पुस्तक घ्यावं का, एवढंच बघायचंय. माझं उत्तर: घ्यावं. पण कशासाठी हे आधी ठरवून, कारण काही बाबतींत ते उपयोगाचं नाही.

निमित्त झालं भाचीचं. ती बँकेच्या परीक्षांची तयारी करते. तिच्याकडे इंग्रजी शब्दांचं उशीएवढं जाड पुस्तक आहे आणि रोज सकाळी आमच्या गॅलरीत फेऱ्या मारत त्याचं पाठांतर चालतं. 'ऑब्ड्युरेट म्हणजे हट्टी, ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, स्टबर्न म्हणजे हट्टी.' मी विचारलं, "अगं, मग तिघांत फरक काय?" तर म्हणाली, "मामा, फरक ऑप्शनमध्ये येत नसतो." तिचं बरोबर आहे. पण संध्याकाळी विचारलं तर त्यातले निम्मे शब्द उडालेले असत, तेही बरोबर आहे. मग आम्ही दोघांनी मिळून एक कादंबरी वाचायची ठरवली. ड्रॅगन तिला हवा होता. पुस्तक फार जाड नको, ही अट माझी.

टॉल्किन निवडण्यामागे आणखी एक कारण होतं. हा माणूस ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक. त्याआधी, पहिलं महायुद्ध संपल्यावर, 1919-20 च्या सुमारास तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत नोकरीला होता आणि त्याच्याकडे डब्ल्यू अक्षर होतं. 'वॉलनट', 'वॉलरस' असल्या शब्दांची कुळं-मुळं शोधत बसायचं हे त्याचं काम. पुढे प्राध्यापक झाल्यावर चार पैसे सुटावेत म्हणून शाळेच्या परीक्षेचे पेपर तपासायचा. एका मुलाने पेपरात एक पान कोरं सोडलेलं होतं, त्यावर टॉल्किनने या गोष्टीचं पहिलं वाक्य खरडलं. आणि 'हॉबिट' हा त्याचा मनचा शब्द 1976 साली त्याच ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या पुरवणीत दाखल झाला. ज्याने शब्दकोशात चाकरी केली त्याच्याकडून शब्द शिकावेत, एवढा साधा हिशेब.

पहिली शंका सगळ्यांना येते तीच मलाही आली. राक्षस, जादूगार, ड्रॅगन यांचे शब्द शिकून करायचं काय? तर या पुस्तकात जादूचे शब्द अगदीच थोडे आहेत. 'गॉब्लिन', 'विझर्ड', 'एल्फ' वगैरे तासाभरात तोंडओळखीचे होतात. उरलेलं सगळं पुस्तक घर, जेवण, रस्ता, पाऊस, झाडं, डोंगर, कुलपं-किल्ल्या आणि देण्याघेण्याच्या वाटाघाटी यांनी भरलेलं आहे.

आणि गंमत म्हणजे पहिलंच प्रकरण सगळ्यात जड जातं. बिल्बो खाऊनपिऊन सुखी माणूस. त्याच्या घरात खायचं ठेवायलाच किती जागा! 'पँट्री' वेगळी, 'लार्डर' वेगळं, 'सेलर' तळात. आपल्याकडे फडताळ आणि फार तर माळा. तेरा बुटके एकामागून एक दारात उभे राहतात आणि प्रत्येकाला काहीतरी वेगळं हवं असतं: रासबेरी जॅम, मिन्स-पाय, पोर्क-पाय, थंड चिकन आणि लोणची, 'सीड-केक'. या सीड-केकवर आम्ही बराच वेळ अडलो. भाचीला वाटलं तीळ लावलेला असेल. शोधल्यावर कळलं की त्यात कॅरवे घालतात, म्हणजे आपलं शहाजिरं. पुलावात पडणारं शहाजिरं केकमध्ये घालतात म्हटल्यावर ताईने स्वयंपाकघरातूनच "कायतरीच!" म्हणून निकाल दिला. पण शब्द तिघांच्याही लक्षात राहिला.

म्हणून सांगतो, पहिल्या प्रकरणावरून पुस्तक जोखू नका. तिथे 'वेस्टकोट', 'मँटलपीस', 'पोकर', 'पोर्टर' असे एका जुन्या इंग्रजी घराचे शब्द भसाभस अंगावर येतात. पुढच्या प्रकरणांत मंडळी रस्त्याला लागतात आणि भाषाही मोकळी होते.

दुसऱ्या प्रकरणाचं नाव 'रोस्ट मटन'. तीन ट्रोल, म्हणजे धिप्पाड राक्षस, शेकोटीभोवती बसलेत आणि तक्रार काय, तर काल मटण, आज मटण, उद्याही मटणच दिसतंय. कोल्हापूरकराला हे दुःख समजणं कठीण आहे. तिकडचं मटण मेंढीचं, हा एवढा एक खुलासा सोडला तर या प्रसंगात डिक्शनरी लागत नाही. मात्र हे ट्रोल लंडनच्या गल्लीतलं इंग्रजी बोलतात. 'एच' गिळतात, व्याकरण धाब्यावर. भाचीने एक वाक्य मोठ्याने वाचलं आणि "मामा, हे तर चूक आहे!" म्हणून थांबली. चूकच आहे, मुद्दाम केलेली. यादीचं पुस्तक शब्दाचा अर्थ सांगतं, पण तो शब्द कोणाच्या तोंडी शोभतो हे सांगत नाही. इथे थॉरिन एक इंग्रजी बोलतो, ट्रोल दुसरं, आणि गुहेत राहणारा गॉलम नावाचा प्राणी तिसरंच, शेवटी साप फुत्कारल्यासारखे 'स' ओढत.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. बाराव्या प्रकरणात बिल्बो अदृश्य होऊन स्माउग नावाच्या ड्रॅगनशी बोलतो. स्माउग सोन्याच्या ढिगावर लोळतोय, आणि याला खायच्या आधी तो त्याच्या मनात किडा सोडतो. म्हणतो, ठीक आहे, चोरलंस सोनं. थोडं थोडं करून शंभर वर्षांत नेलंस समज. पण पुढे? चौदावा हिस्सा ठरलाय ना तुझा? मग 'डिलिव्हरी'चं काय? 'कार्टेज'चं काय? हत्यारबंद पहारेकरी आणि वाटेतले 'टोल', त्यांचा खर्च कोण देणार?

मी पुस्तक खाली ठेवलं. 'कार्टेज' हे आमच्या खातेवहीतलं रोजचं खातं. हमाली, तोलाई, कार्टेज. गुळाच्या अडत्याच्या हिशेबात हा शब्द मी इतक्यांदा पाहिलाय की तो डोळ्यांना दिसेनासा झाला होता. इथे तोच शब्द एक ड्रॅगन हत्यारासारखा वापरतो आणि बिल्बोला पहिल्यांदा कळतं की वाहतूकखर्चाचा विचार कोणीच केलेला नाही. भाचीला हा शब्द मुळीच माहीत नव्हता. तिला मी अर्थ सांगितला नाही. तिने आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखला: एका बाजूला 'डिलिव्हरी', दुसऱ्या बाजूला 'टोल', मधे 'कार्ट'. "गाडीभाडं ना?" म्हणाली. अगदी बरोबर. पुढे कधीही विचारलं तरी तिला तो शब्द आठवतो, आणि आठवताना ती आवाज घोगरा करते.

पहिल्या चिठ्ठीचं पुढे काय होतं तेही ऐका. गोष्टीच्या शेवटाकडे, सोळाव्या प्रकरणात, सोन्यावरून तीन पक्षांचं भांडण जुंपतं. तेव्हा बिल्बो रात्रीच्या वेळी शत्रूच्या छावणीत जातो आणि कोटाच्या खिशातून थॉरिनची तीच चिठ्ठी काढतो, चुरगळलेली, घड्या पडलेली. मुद्दा मांडतो की हिस्सा 'नफ्यात' आहे, लक्षात घ्या. तुमचे जे रास्त 'क्लेम' असतील ते आधी एकूण रकमेतून 'डिडक्ट' करू, मग उरेल त्यात माझं बघू. एवढं स्वच्छ हिशेबी डोकं मी भल्याभल्या भागीदारांत पाहिलं नाही. दुसऱ्या प्रकरणात हसू आणणारे शब्द इथे गंभीर होऊन परत येतात, आणि आता ते वाचताना अडखळायला होत नाही, कारण ते आपल्या ओळखीचे झालेत. शब्द अशा रीतीने फिरून फिरून येणं ही कादंबरीची खरी कमाई. यादीत शब्द एकदा येतो आणि पुढच्या शब्दाला जागा करून देतो.

'बर्गलर' या शब्दाचंही तसंच. गँडाल्फ नावाचा जादूगार बिल्बोच्या दारावर एक खूण कोरून जातो. तिचा अर्थ म्हणे असा, की चोरीत निष्णात माणसाला चांगलं काम, भरपूर थरार आणि बेताचा मोबदला हवा आहे. थेट वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात. बिल्बोला 'बर्गलर' ऐकून राग येतो, तेव्हा एक बुटका समजूत घालतो की हवं तर 'एक्स्पर्ट ट्रेझर-हंटर' म्हण. आमच्या धंद्यात काही खर्च 'किरकोळ' या खात्यात का जातात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्यासाठी डिक्शनरी नको. पुढे अख्ख्या पुस्तकात हा शब्द कधी हिणवायला, कधी कौतुकाने, कधी नुसतं कामाचं नाव म्हणून येतो. 'थीफ', 'रॉबर' आणि 'बर्गलर' यांत फरक काय, हे भाची आता उदाहरणांसकट सांगते.

कोड्यांचं प्रकरण, पाचवं, जोडीने वाचा. अंधाऱ्या गुहेत बिल्बो आणि गॉलम एकमेकांना कोडी घालतात आणि हरला तर बिल्बोचा जीव जायचा. एका कोड्यात पेटी आहे, पण तिला 'हिंज' नाही, किल्ली नाही, झाकण नाही, आत मात्र सोनं. 'हिंज' म्हणजे बिजागरी हे माहीत नसेल तर अंडं सुचणारच नाही. म्हणजे इथे शब्दाचा अर्थ कोणी सांगितला म्हणून बघायचा नसतो, कोडं सुटत नाही म्हणून बघावा लागतो. मी एक कोडं वाचायचो, उत्तराची ओळ हाताने झाकायचो, आणि भाची डोकं खाजवायची. दातांचं कोडं तिने चटकन सोडवलं, वाऱ्याचं अडलं.

वाचायची पद्धत आमची दोघांची निराळी झाली. मी छापील प्रत घेतली. अडलेल्या शब्दासमोर समासात पेन्सिलीचा ठिपका, पण प्रकरण संपेपर्यंत डिक्शनरी उघडायची नाही. प्रकरण संपलं की ठिपक्यांवरून फिरायचं. बऱ्याच शब्दांचा अर्थ तोवर पुढच्या वाक्यांनी आपोआप सांगितलेला असतो. उरलेले बघायचे आणि वहीत लिहायचे. लिहिताना नुसता अर्थ लिहायचा नाही. कोण, कोणाला, कशाबद्दल म्हणालं तेही. 'डिफ्रे: थॉरिन, बिल्बोला, मयताच्या खर्चाबद्दल.' अशी नोंद परत वाचायला कंटाळा येत नाही.

भाचीकडे किंडल आहे. त्यात शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो, आणि पाहिलेला शब्द ज्या वाक्यात आला त्या वाक्यासकट 'व्होकॅब्युलरी बिल्डर'मध्ये साठतो. नंतर त्यावर स्वतःची परीक्षा घेता येते, पक्का झालेला शब्द बाजूला काढता येतो. सोय उत्तम, यात वाद नाही. त्यात 'वर्ड वाइज' नावाचं आणखी एक आहे. ते चालू ठेवलं की अवघड शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत सोपा अर्थ छापून येतो. ते बंद करा, असं मी सांगेन. डोळा आधी वर जातो, अर्थ वाचतो, पुढे सरकतो, मूळ शब्दाकडे कोणी बघतच नाही. गोष्ट भराभर संपते, पण शब्द शिकायचे म्हणून बसलेल्या माणसाचं त्यात काही हाती लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं.

हे पुस्तक कोणाला झेपेल? न्यूझीलंडचे पॉल नेशन म्हणून शब्दसंपत्तीचे मोठे अभ्यासक आहेत. त्यांचा 2006 सालचा निष्कर्ष असा, की कुणाच्या मदतीशिवाय कादंबरी वाचायची तर त्यातले 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत आणि त्यासाठी साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ) यावी लागतात. ऐकून घाबरायला होतं. पण 98 टक्के याचा सरळ अर्थ पन्नास शब्दांत एक अनोळखी. तीनशे शब्दांचं पान धरलं तर पानाला सहा. घेण्यापूर्वी मधलं कुठलंही पान उघडा, पहिलं प्रकरण सोडून, आणि अडलेले शब्द मोजा. सहा-आठ अडले तर बिनधास्त घ्या. पंधरा अडले तर कोणालातरी सोबत घेऊन वाचा, आमच्यासारखं. तीस अडत असतील तर आत्ता राहू द्या, आधी सोपं काही वाचा. याच लेखकाची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मोठी तीन खंडांची कादंबरी प्रसिद्ध आहे म्हणून तिने सुरुवात करू नका. तिची भाषा या पुस्तकापेक्षा पुष्कळच जड आहे.

आता न पटलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे परीक्षा. भाचीच्या जाड पुस्तकातले लॅटिन वळणाचे भारदस्त शब्द इथे तुरळक आहेत. थॉरिन बोलायला लागला की 'रेम्युनरेशन'सारखे चार मिळतात (म्हणजे मोबदला; हा शब्द खरं तर बिल्बोच्या तोंडी आहे, पण संगत थॉरिनची), एरवी टॉल्किनचा जीव छोट्या, जुन्या, मातीतल्या इंग्रजी शब्दांवर. त्यामुळे तीन महिन्यांवर परीक्षा असेल तर यादीच घोका, हे पुस्तक निकालानंतर घ्या. भाचीलाही मी हेच सांगितलं. ती दोन्ही करते, ते तिचं वय आहे.

दुसरी, शब्दांचं वय. 'ॲटरकॉप' हा जाळं विणणाऱ्या कोळ्याला हिणवायचा शब्द अँग्लो-सॅक्सन काळातला, तो आज कुठे वापराल? बिल्बो चिडून जे 'कॉन्फस्टिकेट' आणि 'बिबॉदर' म्हणतो, तेही ऑफिसच्या ईमेलमध्ये लिहायचे शब्द नव्हेत. सातव्या प्रकरणाच्या नावात 'क्विअर' आहे, तिथे त्याचा अर्थ 'विचित्र' एवढाच. आज तो शब्द त्या अर्थाने कोणी सहज वापरू नये. कोणता शब्द चालू नाणं आणि कोणता जुन्या टांकसाळीतला, हे पुस्तक सांगत नाही. ते जाणत्याला विचारावं लागतं.

तिसरी, उच्चार. 'कफ'चं (cough, खोकला) स्पेलिंग माहीत असलेला माणूस 'बाउ' (bough) हा फांदीसाठीचा शब्द 'बफ' किंवा 'बॉफ' वाचणार, आणि मर्कवुडच्या जंगलात पावलोपावली फांद्या! मर्कवुडची प्रकरणं तशीही लांबतात. झाडं, वेली, अंधार, परत झाडं. तिथे मी पानं उलटली, सांगायला लाज नाही. पीपांच्या प्रकरणात पुन्हा जीव येतो: 'बॅरल', 'कास्क', 'ट्रॅप-डोअर', दारू पिऊन झोपलेला 'बटलर', पाण्यावरचं 'पोर्टकलिस'. किल्ल्याच्या दारात वरून खाली सुटणारी लोखंडी जाळी म्हणजे पोर्टकलिस. पन्हाळ्याच्या दरवाजांखालून इतक्यांदा गेलो, तिथे अशी जाळी नाही, त्यामुळे चित्र बघूनच समजलं.

चौथी तक्रार भाचीची, आणि ती रास्त आहे: "मामा, ह्यात एकपण बाई नाही." बिल्बोच्या आईचं नाव पहिल्या प्रकरणात येतं तेवढंच. भाचीने मर्कवुडपर्यंत वाट पाहिली आणि मग सोडून दिली.

शेवटच्या प्रकरणाबद्दल मात्र तिची काही तक्रार नाही. बिल्बो घरी परततो तर अंगणात गर्दी. त्याला 'प्रिझ्यूम्ड डेड' ठरवून त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला. 'ऑक्शन', 'द लेट' (कैलासवासी), 'एस्क्वायर' (श्रीयुत), आणि 'इफेक्ट्स' हा शब्द 'परिणाम' नव्हे तर 'चीजवस्तू' या अर्थाने. आपण जिवंत आहोत हे पटवायला त्या बिचाऱ्याला पुढे बराच काळ खटपट करावी लागते आणि स्वतःचंच फर्निचर पुन्हा विकत घ्यावं लागतं. आमच्याकडे नोव्हेंबरमध्ये पेन्शनर हयातीचा दाखला घेऊन येतात, त्यांतल्या एका आजोबांना मी ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे तिकडंबी हाय म्हणा की."

मराठी अनुवाद आहे, मीना किणीकर यांचा. तो आधी वाचलात तर गोष्ट कळते आणि शब्द ओळखायची चुरस जाते. अडलेल्या जागा नंतर ताडून बघायला तो चांगला.

छापील इंग्रजी प्रत मला चारशेच्या आत मिळाली. ती दुसरी. पहिली एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवली होती, अर्ध्या किमतीत, आणि ती उघडउघड झेरॉक्सवरून छापलेली निघाली. मजकूर कसाबसा वाचता येत होता, पण सुरुवातीचा थ्रॉरचा, म्हणजे थॉरिनच्या आजोबाचा, नकाशा म्हणजे नुसता काळा डाग. तो नकाशा शोभेचा नाही. त्यावर रून नावाच्या जुन्या लिपीत ओळी आहेत आणि लिपी अनोळखी असली तरी भाषा इंग्रजीच आहे. एकेक खूण ओळखत गेलं की वाचता येते. भाचीने वहीच्या मागच्या पानावर तक्ता करून ती सोडवली: दार पाच फूट उंच, आणि तिघे जण 'अब्रेस्ट' चालू शकतील. म्हणजे खांद्याला खांदा लावून, एका ओळीत. प्रत घेताना नकाशा उघडून त्याच्या खुणा नीट उमटल्यात का ते बघा, नसतील तर परत करा.